कोयत्याचा मान: बीडच्या ऊसतोड कामगारांचा इतिहास

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊस तोडायला घर सोडतात आणि होळी-पाडव्याच्या आसपास, कधी त्याहूनही उशिरा, परततात. पश्चिम महाराष्ट्रात सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर, शेजारी कर्नाटक, आणि काही टोळ्यांसाठी गुजरात व तामिळनाडूपर्यंत ही वाट पोहोचते. महाराष्ट्राच्या साखरेचा मोठा भाग या जिल्ह्यातल्या हातांनी तोडलेल्या उसाचा असतो. या स्थलांतराची हकिकत बहुधा दुष्काळ आणि दारिद्र्याच्या अंगाने सांगितली जाते. गरिबाने आपला मान कुठे शोधला, त्याच्या कष्टांवर कोणाची सत्ता उभी राहिली आणि हा मान कायद्यात उतरायला इतका उशीर का लागला, हेही त्याच हकिकतीत दडलेले आहे.

जमीन, पाऊस आणि जुनी सत्ता

बालाघाटाची रांग बीड जिल्ह्याचे दोन भाग करते. उत्तरेला गोदावरी आणि सिंदफणेच्या खोऱ्यात गेवराई-माजलगावची काळी, खोल जमीन आहे. डोंगरपट्ट्यात पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, वडवणी, धारूर आणि केज या तालुक्यांची बरीच जमीन हलकी आणि मुरमाड आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत आहे आणि तोही वेळेवर येईल याची हमी नसते. खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी ही इथली जुनी पिके. रब्बीची पेरणी उरकली की कोरडवाहू कुटुंबाच्या हाताला चार-पाच महिने गावात काम उरत नाही. स्थलांतराचे मूळ कारण या वेळापत्रकात आहे, कारण साखर कारखान्यांचा गाळप हंगाम नेमका याच महिन्यांत असतो.

१९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. गावातली सत्ता जमीन, वतन आणि जात यांवर उभी होती. पाटील-देशमुखांच्या वाड्यावर कोण कुठपर्यंत जाऊ शकतो, कोणी उभे राहायचे आणि कोणी बसायचे, हे ठरलेले असे. भूमिहीन माणूस पाडव्याला सालगडी म्हणून ठरे. आगाऊ रक्कम आणि धान्य घेऊन वर्षभर मालकाच्या दारात राबे आणि देणे फिटले नाही की पुढचे सालही तिथेच काढी. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कूळकायदा आला. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. डोंगरपट्ट्यातल्या वंजारी शेतकऱ्यांना, लमाण तांड्यांना, दलित वस्त्यांना आणि लहान मराठा कुटुंबांना मात्र या बदलांतून पोट भरेल एवढी जमीन आणि पाणी मिळाले नाही. जमिनीचा तुकडा नावावर होता, पण त्यावर वर्ष निघत नव्हते.

साखरपट्टा आणि पहिल्या वाटा

नीरा, गोदावरी आणि प्रवरा नद्यांवरच्या कालव्यांनी इंग्रजी अमदानीत दख्खनच्या कोरड्या पठारावर उसाचे बेट तयार केले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या दोन्ही काठांवर ऊस वाढला. आधी खाजगी कारखाने आले. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला, सहकारी साखर कारखाना सुरू झाला. राज्य सरकारने भागभांडवल आणि कर्जाची हमी देऊन ही चळवळ पुढे वाढवली. ऊस पिकवणारा शेतकरी कारखान्याचा सभासद झाला, त्यातून संचालक आणि आमदार घडले. गावागावात शाळा, दवाखाने आणि दूध संघ उभे राहिले. सावकाराच्या तावडीतून सुटलेल्या शेतकऱ्याला सहकाराने ताठ मानेने उभे केले, हे या चळवळीचे मोठे श्रेय आहे.

ऊस तोडणाऱ्याला मात्र या सहकारात जागा मिळाली नाही. तो सभासदही नव्हता आणि कारखान्याच्या हजेरीपटावरचा कामगारही नव्हता. साखर कारखाना रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस लवकर गाळला नाही तर त्यातले साखरेचे प्रमाण, म्हणजे उतारा, घसरतो. म्हणून हाक मारताच उठणारे, रात्री-अपरात्री गाडी भरणारे आणि हंगाम संपेपर्यंत जागा न सोडणारे मजूर कारखान्यांना हवे होते. दक्षिण गुजरातेत बारडोली भागातल्या कारखान्यांवर येणाऱ्या खानदेशी तोडणी मजुरांचा अभ्यास करून डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की स्थानिक मजूर असूनही कारखाने बाहेरचे मजूर पसंत करतात, कारण परक्या मुलखातला, आगाऊ रकमेने बांधलेला माणूस ताब्यात ठेवणे सोपे जाते. महाराष्ट्राच्या साखरपट्ट्यालाही हे लागू पडते.

सुरुवातीच्या टोळ्या नाशिक आणि नगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या कोरड्या तालुक्यांतून येत. नगरमधल्या पाथर्डी तालुक्याला लागूनच बीडची हद्द सुरू होते, त्यामुळे ही वाट लवकरच बालाघाट चढून आली. बैलगाडीत भांडीकुंडी, पोरे आणि ज्वारीचे पोते घालून माणसे घाट उतरू लागली. गावच्या मालकाकडे साल घालण्यापेक्षा परमुलखात सहा महिने कष्ट करून रोख पैसा आणावा, हा निर्णय त्यांच्यासाठी लाचारीचा नव्हता. गावातल्या जुन्या बांधिलकीतून सुटण्याची ती वाट होती. ज्या वाड्यापुढे आजा उभा राहिला, त्या वाड्याकडे न जाता नातवाने बैलजोडी घेतली, याचा अभिमान या समाजात होता आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

१९७२ नंतर

१९७० पासून पाऊस कमी होत गेला आणि १९७२ मध्ये मराठवाड्याने शतकातला भीषण दुष्काळ पाहिला. विहिरी आटल्या, जनावरे कवडीमोलाने गेली आणि माणसे सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. परदेशी मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडीवर दिवस काढावे लागले. याच काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. काम मागणाऱ्याला काम देणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दिले. बीडच्या डोंगरपट्ट्यात मात्र हमीचे काम आणि त्याचे पैसे वेळेवर मिळतील याची खात्री नव्हती. मुकादमाची आगाऊ रक्कम हातात रोख पडत होती. दुष्काळात विकलेली जनावरे, झालेले कर्ज आणि राहिलेली लग्ने यांसाठी तीच रक्कम जवळची वाटली. काही कुटुंबांपुरते असलेले स्थलांतर त्यानंतर गावेच्या गावे उठवणारे वार्षिक चक्र झाले.

पुढे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगाव धरण झाले आणि बीड जिल्ह्यातही ऊस आला. अंबाजोगाई, गेवराई तालुक्यातले गढी, आष्टी तालुक्यातले कडा, तेलगाव आणि परळीजवळचे पांगरी इथे सहकारी कारखाने उभे राहिले. तरीही डोंगरपट्ट्यातली माणसे बाहेर जातच राहिली. पाणी खालच्या खोऱ्यात आले, वरच्या गावांना ते मिळाले नाही. जिल्ह्यातले कारखाने सगळ्यांना काम देऊ शकले नाहीत आणि दुष्काळात तेच बंद पडू लागले.

उचल, मुकादम आणि कोयता

ऊसतोडीची व्यवस्था उचलीवर चालते. पावसाळ्यात पेरणी, शाळेची फी, आजारपण आणि लग्नाचे देणे या सगळ्यांसाठी एकदमच पैसा लागतो. त्याच वेळी मुकादम दारात येतो आणि येणाऱ्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. ही उचल सहा महिन्यांच्या तोडीतून फेडायची असते. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि कुटुंब त्याच मुकादमाशी बांधले जाते.

मजुरीचा हिशेब कोयत्यावर होतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो. जोडीदार नसलेल्या मजुराला अर्धा कोयता म्हणतात. एका मुकादमाकडे दहा-पंधरा किंवा त्याहून अधिक कोयत्यांची टोळी असते. ज्यांची स्वतःची बैलजोडी असते ते कारखान्याच्या टायरगाडीवर काम करतात आणि कारखान्याजवळच्या तळावर हंगामभर एका जागी राहतात. डोकी सेंटरचे मजूर उसाच्या फडातून मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरतात आणि फड संपला की बिऱ्हाड उचलून पुढच्या गावी जातात. राहण्यासाठी बांबूच्या तट्ट्या, पाचट किंवा ताडपत्रीची कोपी असते. पहाटे चारच्या आधी चूल पेटते, उजाडायच्या आत फड गाठावा लागतो आणि गाडी कधी येईल याचा नेम नसल्याने रात्रीची झोपही मोडते.

हे काम कौशल्याचे आहे. ऊस जमिनीलगत एका घावात तोडायचा, हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, छाटायचे, पाचट सोलायचे, सारख्या वजनाच्या मोळ्या बांधायच्या आणि गाडीवर असा थर लावायचा की खाचखळग्यातून जातानाही भार ढासळू नये. बैलांची निगा, वाढे विकून मिळणारा रोजचा खर्चाचा पैसा, टोळीतली शिस्त या सगळ्यांत वर्षानुवर्षांचे शहाणपण असते. जास्त टन तोडणारा जोडीदार म्हणून टोळीत नाव होणे ही इथली खरी प्रतिष्ठा आहे. तरी सरकारदरबारी हे काम अकुशल समजले जाते.

सत्तेची रचना या कामात उतरंडीसारखी आहे. वर कारखाना, त्याखाली तोडणी-वाहतूक संस्था किंवा वाहतूकदार, त्याखाली मुकादम आणि सर्वांत खाली कोयता. पैसा वरून खाली येतो आणि त्याच वाटेने जबाबदारीही खाली ढकलली जाते. कारखाना म्हणतो, मजूर वाहतूकदाराचे आहेत. वाहतूकदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम बहुधा त्याच गावचा, पुष्कळदा भावकीतलाच असतो आणि त्यानेही आपली जमीन गहाण ठेवून कारखान्याकडून रक्कम उचललेली असते. उचल घेऊन मजूर आले नाहीत तर तो बुडतो. मजुरांची बाकी राहिली तर तो त्यांच्यावर जबरदस्ती करतो. बाकीसाठी माणसांना डांबून ठेवण्याचे आणि मारहाणीचे गुन्हे दाखल झाले आहेत. वेठबिगारी रद्द करणारा केंद्रीय कायदा १९७६ पासून अस्तित्वात आहे. कर्जापोटी माणसाची ये-जा अडवणे आणि त्याला ठरावीक मालकाकडेच राबवणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, पण ऊसतोडीत तो क्वचितच वापरला गेला.

एकाच कारखान्याच्या दोन बाजूंना दोन जगे दिसतात. आत बॉयलरवर आणि पॅनवर काम करणाऱ्याला हजेरीपट, वेतनश्रेणी, बोनस, भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तीनंतरचे लाभ आहेत. त्याच कारखान्याला ऊस पुरवणाऱ्या माणसाचे नाव कारखान्याच्या कोणत्याही कायम नोंदीत नसते.

कोयता बंद

या कामगारांची ताकद वर्षातून एकदाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसते. कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ झालेली असते, ऊस तोडीला आलेला असतो आणि टोळ्या गावातून निघाल्या नाहीत तर सगळे अडते. दरवाढ होईपर्यंत कोयता हाती न घेण्याचा कोयता बंदचा मार्ग त्यातून आला. पण या ताकदीला मोठी गळती आहे. उचल जून-जुलैमध्येच घेतलेली असते. जिथे मजूर सर्वांत बलवान असतो तिथे पोहोचण्याआधीच, जेव्हा तो सर्वांत अडलेला असतो तेव्हा, त्याने आपले श्रम स्वस्तात देऊन टाकलेले असतात. ऊसतोड मजुरांच्या संघटना वर्षानुवर्षे याच अडचणीशी झगडत आल्या.

बीडच्या मतदारांनी या कष्टकऱ्यांचा आवाज लोकसभेपर्यंत नेला. १९६७ मध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षातर्फे बीडमधून निवडून आले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे आणि १९८९ मध्ये जनता दलाचे बबनराव ढाकणे इथून खासदार झाले. पाथर्डीच्या ढाकणे यांनी ऊसतोड मजुरांच्या संघटनेचे काम दीर्घकाळ केले. डाव्या संघटनांनीही मजुरांच्या दरवाढीचे लढे सातत्याने लढवले.

परळी तालुक्यातल्या नाथरा गावचे गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) हे या कामगारांचे सर्वांत मोठे राजकीय नेते ठरले. १९८० मध्ये ते विधानसभेवर गेले आणि १९९५ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. आपल्यातला, डोंगरातला माणूस मंत्रालयात बसला, या भावनेने हजारो कुटुंबांची मान उंचावली. मजुरीचे दर ठरवण्यासाठी कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात लवाद नेमण्याची पद्धत रुळली आणि शरद पवार व मुंडे यांच्या नावाने तो लवाद ओळखला जाऊ लागला. मुंडे यांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या पंकजा मुंडे यांनी त्यात मजुरांची बाजू मांडली. ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याजवळ मांजरी इथल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये चौदा टक्के वाढीचा करार झाला. जानेवारी २०२४ मध्ये चौतीस टक्के वाढ मान्य झाली आणि तोडणीचा दर टनाला २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या आसपास गेला.

या आकड्याचा अर्थ नीट पाहायला हवा. एक कोयता दिवसाला साधारण दोन टन तोडतो असे धरले तर दोन माणसांच्या बारा-चौदा तासांच्या कष्टाचे सुमारे सातशे ते साडेसातशे रुपये होतात. त्यातून उचल वळती होते. गाडी न आल्याने वाया गेलेल्या दिवसाचे, पावसाचे आणि आजारपणाचे पैसे नाहीत. दरवाढीच्या प्रत्येक करारात टनाचा भाव वाढला, पण मालक कोण, हजेरी कोणाच्या नावे आणि अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची, हे प्रश्न बहुधा तसेच राहिले. मजुरांच्या बळावर नेतृत्व उभे राहिले, मजुरांच्या हातात मात्र कायदेशीर हक्काचा कागद आला नाही.

गड आणि स्वाभिमान

या समाजाच्या स्वाभिमानाचा दुसरा आधार वारकरी परंपरेत आहे. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाट इथे १८९६ मध्ये जन्मलेल्या संत भगवानबाबांनी बीड-नगर सीमेवर भगवानगड उभारला. ही जागा पाथर्डी तालुक्यात आहे. १९६५ मध्ये भगवानबाबांचे निधन झाले. व्यसन सोडा, पशुहत्या करू नका आणि जमीन विकावी लागली तरी पोरांना शिकवा, असा त्यांचा उपदेश डोंगरपट्ट्यात घरोघरी सांगितला जातो. ज्यांना गावच्या पंगतीत मागची जागा होती त्यांना नामसप्ताहात टाळ घेऊन पुढे उभे राहता आले. हंगामाला निघण्यापूर्वी दसऱ्याला गडावर जमण्याची प्रथा त्यातून दृढ झाली. पुढे या दसरा मेळाव्याला राजकीय सभेचे रूप आले आणि २०१७ पासून तो सावरगाव घाट इथे भरू लागला.

जातीचा आणि गडाचा अभिमान गरिबाला आधार देतो, हे खरे. मात्र फडात वंजारी, लमाण, मराठा, धनगर आणि दलित कोयते शेजारी शेजारी एकच मोळी बांधतात आणि त्यांचा दर एकच असतो. मेळाव्यातला अभिमान जातीप्रमाणे विभागला गेला तेव्हा फडातली एकजूट कमजोर झाली. दर वाढले ते सगळ्यांनी मिळून कोयता खाली ठेवला तेव्हा.

बायांचा वाटा

ऊसतोडीतले निम्मे काम स्त्रिया करतात. तोडलेला ऊस गोळा करणे, मोळ्या बांधणे, तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे, त्याआधी आणि त्यानंतर पाणी, सरपण, भाकरी आणि मुले. उचल मात्र नवऱ्याच्या हाती पडते आणि हिशेबही त्याच्याच नावे असतो. तळावर संडास-न्हाणीघर नसते. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि त्यापोटी पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक दंड कापला जातो. त्यामुळे पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत बाया फडात उभ्या राहतात.

२०१९ मध्ये या स्थितीचे एक भयंकर रूप देशासमोर आले. बीडच्या ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याच्या बातम्या आल्या. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. अंगावरून जाणे, पोटदुखी, संसर्ग यांवर साधे उपचार न होता पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळे. खाड्याचा धाक, आजाराची भीती, दवाखान्यांची नफेखोरी आणि उपचारासाठी न मिळणारी सुटी या सगळ्यांनी मिळून हा घाला घातला. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज पुन्हा उचलीतूनच फेडावे लागे. त्यानंतर जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले.

महिला किसान अधिकार मंच आणि जिल्ह्यातल्या स्त्री कार्यकर्त्यांनी ऊसतोड स्त्रियांच्या पाहण्या केल्या, त्यांच्या सभा घेतल्या आणि स्त्रीची कामगार म्हणून स्वतंत्र नोंद करा ही मागणी पुढे आणली. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट यांच्या शोधवृत्ताने ही साखर शीतपेये बनवणाऱ्या जागतिक कंपन्यांपर्यंत पोहोचते, हे जगापुढे आणले. त्याआधी, २०२३ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या स्थितीची स्वतःहून दखल घेतली होती.

मुले आणि शाळा

हंगाम शाळेच्या वर्षाच्या मधोमध येतो. आईबाप निघाले की मुलेही निघतात किंवा आजी-आजोबांकडे मागे राहतात. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू झाल्या. नंतर मुलांना गावातच ठेवून त्यांच्या जेवणाची व राहण्याची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आली. जिथे शाळेतले शिक्षक मनावर घेतात तिथे पट टिकतो, नाहीतर पोर बहीण-भावंडे सांभाळत फडाच्या बांधावर बसते. वयात आलेली मुलगी मागे ठेवायची धास्ती आणि लग्न लावले की नवा कोयता उभा राहतो हा हिशेब, यांमुळे बालविवाह टिकून आहेत. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये वीस ते चोवीस वयाच्या शंभरपैकी चाळीसहून अधिक स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते.

याच घरांतून शिक्षक, पोलीस, परिचारिका आणि अधिकारीही घडले. फडात वाढलेल्या पोराने परीक्षा पास केली की गाव मिरवणूक काढते. आईबापांनी कोयता हाती घेतला तो बहुधा पोराच्या हाती येऊ नये म्हणूनच, आणि या ध्येयापुढे त्यांनी स्वतःच्या देहाची पर्वा केली नाही.

सरकार, महामंडळ आणि यंत्र

ऊसतोड कामगारांसाठी स्वतंत्र कल्याण मंडळ असावे ही मागणी जुनी आहे. माथाडी कामगारांना १९६९ च्या कायद्याने मंडळ मिळाले. ओझे वाहणाऱ्या हमालाची नोंद, मजुरीची वसुली, भविष्यनिर्वाह निधी आणि दवाखाना हे सगळे मंडळामार्फत होऊ शकते, हे महाराष्ट्राने त्यातून सिद्ध केले. तोच नमुना ऊसतोडीला लावण्यात अर्धे शतक गेले. अखेर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, ते सामाजिक न्याय विभागाकडे आले आणि एप्रिल २०२२ मध्ये पुण्यात त्याचे कार्यालय सुरू झाले. कारखान्यांनी गाळलेल्या उसावर टनाला दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची, अशी निधीची रचना ठरली. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रे देण्याचे काम सुरू झाले. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली.

एप्रिल २०२० मधल्या करोनाच्या टाळेबंदीने ओळखपत्राचे मोल सर्वांना शिकवले. हंगाम संपला, कारखाने थांबले आणि हजारो कुटुंबे परजिल्ह्यांत तळांवर अडकली. कोण कुठे आहे याची यादी कोणाकडेच नव्हती. सरकारने परतीची परवानगी दिली तेव्हा गावोगाव याद्या नव्याने कराव्या लागल्या.

२०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या सुमारे दोनशे कारखान्यांनी तेरा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला. एवढा ऊस तोडायला आता ऊसतोडणी यंत्रांची संख्या वाढत आहे. यंत्रामुळे मोळीचे ओझे जाईल, पण लहान तुकड्यांच्या आणि ओल्या रानांत यंत्र चालत नाही, म्हणून कोयता पुढची बरीच वर्षे राहणार आहे. जिथे यंत्र येईल तिथे सुटलेल्या हाताला दुसरे काम हवे. त्याची तयारी डोंगरपट्ट्यातल्या पाणलोटाच्या कामांपासून आणि वेळेवर मिळणाऱ्या हमीच्या मजुरीपासून करता येते.

निष्कर्ष

बीडच्या ऊसतोड कामगाराने मान कोणाकडे मागितला नाही. त्याने तो घाम गाळून, पोरे शिकवून आणि वेळ आली तेव्हा कोयता खाली ठेवून मिळवला. त्याच्या बळावर कारखाने, पक्ष आणि नेते मोठे झाले. ही सत्ता ज्यांच्या खांद्यावर उभी राहिली, त्यांना कामगार म्हणून मान्यता देणे मात्र ती टाळत आली. नवरा-बायकोची वेगवेगळी नोंद आणि वेगवेगळी मजुरी, कारखान्याला बांधणारा लेखी करार, उचलीऐवजी बँकेतून मिळणारे पावसाळी कर्ज, तळावर पाणी, संडास आणि दवाखाना, आजारपणात खाडा नाही आणि अपघातात भरपाई, एवढ्या गोष्टी हक्काने मिळाल्या तर या इतिहासाला न्याय मिळेल. या मागण्यांपैकी एकही कारखानदारीला न पेलणारी नाही. साखर खाणाऱ्या प्रत्येक घराने, ती विकणाऱ्या प्रत्येक संस्थेने आणि या मजुरांची मते घेणाऱ्या प्रत्येक पक्षाने हे देणे आता चुकते केले पाहिजे.